कडी काढणारा बाळोजी

सोनाकाकू दारात येऊन उभ्या राहिल्या तेव्हा माझे वडील नाना दफ उन्हाला धरून चामडं बोटानं वाजवून बघत होते आणि मी तुणतुण्याची तार बदलत होते. जत्रा तोंडावर आली होती.

“या वहिनी, बसा,” नाना म्हणाले.

“बसत न्हाई शाहीर. बसले की बोलायचं ऱ्हाऊन जातं.” काकूंनी पदर नीट केला. “एक मागणं हाय. यंदाच्या पोवाड्यात बाळोजीचं नाव घेऊ नगा.”

नानांचं बोट चामड्यावरच थांबलं.

“आमच्या यमुनेला स्थळ आलंय. जतकडचं. माणसं चांगली हायत. जत्रेला येणार हायत, पोरगी बघायला, घरदार बघायला. जत्रेला आली म्हंजी पोवाडा ऐकणार. त्यांच्या पुढ्यात तेवढं एक नाव नगं. एकच साल.”

नाना हो म्हणणार याची मला खात्री होती. सोनाकाकूंना नाही म्हणायची आमच्या घरात पद्धतच नव्हती. मी लहान असताना आई गेली, तेव्हापासून माझी वेणी काकूंनी घातली, परकराची नाडी त्यांनी ओवून दिली, भाकरी थापायला त्यांनी शिकवली. यमुना आणि मी एकाच ताटात जेवून मोठ्या झालो.

“वहिनी,” नाना म्हणाले, “दुसरं कायबी मागा.”

काकू “बरं” म्हणाल्या आणि आल्या तशा गेल्या. नानांनी दफ पुन्हा उन्हाला धरला, पण वाजवला नाही.

आमचं गाव कुसवडे. गावाच्या डोक्यावर धाकटा गड. आता त्याचं एक तुटकं दार आणि पाण्याचं टाकं एवढंच उरलंय. दहा पिढ्यांमागं त्या गडाला वेढा पडला, लढाई झाली आणि गड गेला. मोठ्या इतिहासात ही लढाई कुठं नाही. ती फक्त आमच्या पोवाड्यात आहे. आम्ही गुरव. देवळातली पूजा एका भावाकडं आणि पोवाडा दुसऱ्याकडं, अशी आमच्या घराण्यातली वाटणी. नानांच्या वाट्याला पोवाडा आला. तो कागदावर कधी उतरला नाही. बापानं म्हणायचा, लेकानं मागं झील धरायची आणि झील धरता धरता शिकायचा. माझा भाऊ मुंबईला गिरणीत गेला, म्हणून झील धरायला नानांच्या मागं मी उभी राहायला लागले. मी तेव्हा एकोणीस वर्षांची असेन. पोरीनं फडात उभं राहणं गावाला फारसं रुचलं नव्हतं. पण मी मागं उभी असायची आणि ‘जी जी रं जी’ पलीकडं माझं तोंड उघडत नसे, म्हणून चालवून घेतलं होतं.

पोवाड्याची एक रीत होती. आधी नमन: गणपतीला, भैरोबाला, गडाला, सभेला. मग एकदम वेढा. वेढा का पडला, कुणी घातला, ते आमचा पोवाडा सांगतच नाही. मी लहानपणी नानांना विचारलं होतं तेव्हा ते म्हणाले होते, “लोकांना हकीगत ठावी असती. त्यांना चूल पेटवण्यापासनं सांगायचं नसतं. उकळी फुटली तिथनं सांगायचं.”

वेढ्यानंतर नावांची माळ. गडावर कोण कोण होतं त्याची. हा गावाचा सगळ्यात आवडता भाग. प्रत्येक नावामागं त्याचं बिरुद, आणि ते कधी बदलायचं नाही. ढालीमागं न दडणारा रायाजी जाधव. बुक्कीनं नारळ फोडणारा खंडू. एका डोळ्याचा, पण दोहोंचं बघणारा म्हाळू. ज्या घराचं नाव येईल त्या घराची माणसं हात वर करायची, आणि म्हातारी माणसं पोरांच्या पाठीत गुद्दा घालून म्हणायची, ऐक, तुझा खापरपणजा.

त्या माळेनंतर फितुरीचा चौक, म्हणजे पोवाड्याचा तेवढा भाग. त्यात चोरदिंडीची, गडाच्या छोट्या लपलेल्या दाराची, कडी काढणारा बाळोजी टेंबरे. गनीम तिथनं आत आला, आणि गाव म्हणे, मोहरा घेऊन त्यानं वाट दिली. तिथं टेंबऱ्यांच्या, म्हणजे सोनाकाकूंच्या, घरातलं कुणी हात वर करत नसे.

टेंबरे गावात होते ते ‘कडीकाढे’ म्हणूनच. त्यांचा माणूस कुणाच्या दारात गेला की आतनं हमखास कुणीतरी म्हणे, कडी लावा गं. हसून म्हणे. शाळेत मास्तर वर्गाचं दार उघडं राहिलं तर यमुनेकडं बघत. काकूंचे यजमान वारले तेव्हा खांदा द्यायला आलेल्या एकानंसुद्धा दाराजवळ हे म्हटलेलं मी ऐकलंय. त्यात वाईट हेतू नसे. सवयीचं झालं होतं, इतकंच.

काकू गेल्यावर मी नानांशी भांडले.

“एक नाव गाळलं तर काय गड पडणार हाय का?”

“गड कवाच पडलाय,” नाना म्हणाले. “आता नावंच तेवढी उभी हायत.”

“काकूंनी आपल्यासाठी काय केलं न्हाई?”

“म्हणून तर गाळत न्हाई.” त्यांनी दफ मांडीवर घेतला. “ऐक. मी त्या जागी गप बसलो तर काय हुईल? सगळी सभा एका आवाजात ‘बाळोजी’ म्हणंल. पाव्हण्यांनी माझ्या तोंडनं ऐकलं तर ते एक नाव असंल. सभेच्या तोंडनं ऐकलं तर शिवी असंल.”

हे खरं होतं. मला ते खरं असल्याचाच राग आला.

“मग बिरुद बदला. ‘कडी काढणारा’च का? दुसरं काही म्हणा.”

“ती माझी न्हाईत. रायाजीच्या हातात ढाल मी दिली न्हाई, म्हाळूचा डोळा मी काढला न्हाई. मला जशी मिळाली तशी फुडं द्यायची.”

“मग त्या अख्ख्या पोवाड्यात तुमचं स्वतःचं हाय तरी काय?”

नाना हसले. ते रागावतील असं वाटलं होतं.

“आंबा,” ते म्हणाले.

रायाजी पडतो त्या ठिकाणी प्रत्येक शाहिरानं आपली एक उपमा घालावी, एवढी मोकळीक आमच्या घराण्यात होती. आज्जाची उपमा होती पुरात वाहून जाणाऱ्या नांगराची. नानांनी ती काढली आणि आंबा आणला. भरल्या आंब्याचं जुनं झाड वळवाच्या वाऱ्यानं पडतं. आधी त्याच्यावरची पाखरं उठतात, मग सावलीला बसलेली गुरं उठतात, मग बांधावरची म्हातारी कपाळाला हात लावून बघते, मग मुळं करकरतात, आणि साऱ्या रानाला आवाज जातो. तसा रायाजी पडला. हे सांगायला नानांना पाव तास लागायचा. ऐकणारा रायाजीला विसरून जायचा, झाडाचं काय होतंय म्हणून श्वास धरून बसायचा, आणि ‘तसा’ म्हटलं की बायका डोळ्याला पदर लावायच्या. तो आंबा आमच्याच बांधावरचा होता. नानांनी तो पडताना पाहिला होता.

“आंबा माझा,” ते म्हणाले, “आन् दम माझा. बाकी सगळं गावाचं.”

दुसऱ्या दिवशी मी काकूंकडं गेले. त्या ओसरी सारवत होत्या. पाहुणे यायचे म्हणून घर चकचकीत चाललं होतं. यमुना चौकटीला रांगोळीच्या दुधाळ पाण्यानं बोटं ओढत होती.

“नाना ऐकत न्हाईत, काकू.”

“त्यांनी न्हाईच म्हणायचं हुतं. मीच उगं गेले.” काकूंचा हात शेणावरनं गोल फिरत राहिला. “आईचं मन. वाटलं, विचारून बघावं.”

“बाळोजीनं खरंच मोहरा घेतल्या हुत्या?”

“घेतल्या असत्या तर छपराला एवढी भोकं ऱ्हायली असती व्हय गं?” त्या हसल्या. यमुना हसली नाही.

“मग कडी का काढली?”

“कुणाला ठावं. तो तिथंच मेला. दिंडीच्या उंबऱ्यावर पडला म्हणतात. त्याची बायको पोटुशी हुती. ती तेवढी खाली आली. तिच्या पोटचा वंश आमचा. न्हाईतर आम्ही कुठनं असतो?”

“नसतो तरी काय बिघडलं असतं,” यमुना म्हणाली.

काकूंनी सारवायचा हात थांबवला. लेकीकडं बघितलं. मग शेणाच्या हातानंच तिच्या पाठीवर एक हलकी चापट दिली, आणि यमुनेच्या धुतल्या पोलक्यावर पाच बोटं उमटली. त्यावर मात्र तिघी हसलो.

घरी येताना मी पोवाडा गुणगुणत आले. मला तो पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ होता. झील धरणाऱ्याला असावाच लागतो. देवळाच्या वळणावर मी थांबले. एक चौक पुन्हा म्हणून बघितला, मग दुसरा एक म्हणून बघितला, मग दोन्ही एकापाठोपाठ. घरी पोचले तेव्हा नाना जेवायला बसले होते. मी त्यांना वाढलं. जे मनात आलं होतं ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते नाही म्हणाले असते, आणि एकदा त्यांनी नाही म्हटल्यावर मला ते मोडता आलं नसतं.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी उन्हं उतरणीला लागली की पोवाडा. गडाच्या पायथ्याला पिंपरणीखाली जागा. पुढं सतरंजीवर जाधव. रायाजीचे वंशज म्हणून आबासाहेब जाधवांना मानाचा फेटा बांधायचा आणि मगच दफावर थाप पडायची. त्यांच्या मागं बाकीची घरं, डाव्या हाताला बायका, आणि टेंबरे सगळ्यात शेवटी, उसाच्या रसाच्या गाड्यांपाशी. तिथं त्यांना कुणी बसवलं नव्हतं. ते आपणहून बसत.

काकूंनी पाहुण्यांना जेवणात गुंतवून ठेवायचा बेत केला होता. पुरणपोळी, आमटी, वर पुन्हा चहा. पण मुलाचे वडील सिद्रामबापू सावंत हे पोवाड्याचे शौकीन निघाले. दफाचा आवाज कानावर आला तसे ते ताटावरनं उठले आणि पायात चपला सरकवत म्हणाले, “अहो, चला चला, नमन गेलं तर काय मजा.” काकू मागनं पळत आल्या. त्यांनी बापूंना शेवटी बसवायचा प्रयत्न केला, पण बापू माणसांतनं वाट काढत जाधवांच्या मागं येऊन मांडी घालून बसले. चांगला उंच, काळासावळा माणूस, डोक्याला पिवळा पटका. मी त्यांना बरोबर ओळखलं, कारण साऱ्या सभेत ते एकटेच अनोळखी होते आणि सगळ्यात खूश होते.

नमन झालं. वेढा झाला. नावांची माळ सुरू झाली आणि हात वर व्हायला लागले. बापू प्रत्येक बिरुदाला मान डोलवत होते. ‘दोहोंचं बघणारा म्हाळू’ला ते मोठ्यानं हसले आणि शेजाऱ्याच्या मांडीवर थाप मारली. मी झील धरत होते. माझ्या शेजारी आईचे भाऊ दगडूमामा झांज वाजवत होते.

मग नानांनी आवाज खाली घेतला.

*रात सरंना, वारा थरारं, धाकट्या गडाच्या दारी,*
*चोरदिंडीची कडी काढली बाळोजी टेंबऱ्यानं सारी…*

“जी जी रं जी,” आम्ही म्हटलं. सभेतनं नेहमीचा हशा उठला. पोरं माना वळवून मागं बघायला लागली. कुणीतरी म्हणालं, कडी लावा. बापूंनी शेजाऱ्याला काहीतरी विचारलं. शेजारी त्यांच्या कानाशी लागला. बापूंची मान डोलायची थांबली आणि ते हळूच मागं वळले, रसाच्या गाड्यांकडं. काकू तिथं उभ्या होत्या. यमुना खाली बसली होती आणि तिनं पदर पुढं ओढून घेतला होता.

फितुरीचा चौक झाला की शाहीर खाली बसून पाणी पितो, ही आमच्या घरची रीत. पुढं लढाई असते, रायाजीचं पडणं असतं, दम लागतो. तेवढा वेळ तुणतुणं चालू राहतं आणि सभा पान-तंबाखू करते. नाना खाली बसले. दगडूमामांनी तांब्या पुढं केला.

मी तुणतुण्यावर बोट ठेवून एक पाऊल पुढं आले आणि चौक उचलला.

*दिंडीवाटं उतरल्या लेकुरवाळ्या, पाठी पोरं बांधून,*
*बोटाला धरून चालला वंश, दरीची वाट शोधून…*

हा चौक पोवाड्यात होताच. दरवर्षी व्हायचा. पण तो यायचा अगदी शेवटाला. लढाई होऊन गेल्यावर, रायाजी पडल्यावर, आंब्याच्या नंतर, लोक डोळे पुसत उठायच्या तयारीला लागलेले असताना. तिथं तो सगळ्यांना गोड लागायचा. गड गेला, पण बायापोरं वाचली, म्हणून आपण आहोत.

नानांनी तांब्या तोंडाशी नेला होता. तो तसाच राहिला. मी पाच-सहा वर्षांची असताना विहिरीच्या काठावर चढून उभी राहिले होते, तेव्हा त्यांनी माझ्याकडं जसं बघितलं होतं तसं ते बघत होते. ओरडले तर मी पडेन, असं. दगडूमामांची झांज बंद पडली होती. मागं झील धरायला कुणी नव्हतं. मी दुसरी ओळ नुसत्या तुणतुण्यावर म्हटली.

तिसऱ्या ओळीला मागनं दफ वाजला.

नाना उभे राहिले होते. पाणी न पिताच. त्यांनी पुढं येऊन माझ्या हातचा चौक घेतला नाही. माझ्या मागं, मी नेहमी जिथं उभी राहायची तिथं ते उभे राहिले आणि त्यांनी झील धरली.

चौक संपायच्या आत आबासाहेब जाधव उभे राहिले.

“शाहीर, चुकलं. हा चौक इथला न्हाई.”

दफ थांबला. “एक शब्द बदलला न्हाई आबासाहेब,” नाना म्हणाले.

“शब्द ऱ्हाऊ द्या. रायाजी अजून पडला न्हाई. रायाजी पडल्यावर बाया उतरतात. जन्मभर ऐकतोय मी.”

नानांनी पटक्यानं कपाळ पुसलं. त्यांच्याकडं बघताना मला कळलं की तेही हे आत्ताच, उभ्याउभ्या, जुळवत होते.

“रायाजी पडला, तवा गड गनिमाचा झाला,” ते सावकाश म्हणाले. “गड गनिमाचा झाल्यावर बाया उतरल्या कशा, आबासाहेब? कोण उतरू दील?”

आबासाहेबांनी मान वर करून गडाकडं बघितलं.

“आन् गडाला दिंडी एकच हाय,” नाना म्हणाले. “तिला कडी आतनं हुती.”

रसाच्या गाडीवरचं घुंगरू ऐकू यायला लागलं. लोक एकमेकांकडं बघत नव्हते. जो तो मनातल्या मनात ते दोन चौक म्हणून बघत असावा, जसे मी देवळाच्या वळणावर म्हणून बघितले होते. दोन्हींत तीच दिंडी. पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांनी दोन्ही ऐकले होते.

“पण गनीम तिथनंच आत आला,” आबासाहेब म्हणाले. आवाज उतरला होता.

“आला की. त्येबी पोवाड्यात हाय. मी गाळलं न्हाई, गाळणारबी न्हाई. का काढली कडी ते पोवाडा सांगत न्हाई. मोहरा आपण घातल्या, लोकांनी.”

बायकांच्या बाजूला आबासाहेबांची आई, गोदाआजी, बसली होती. ऐकू कमी यायचं तिला, पण त्या दिवशी आलं. ती बसल्या जागेवरनंच म्हणाली, “आबा, खाली बस बाबा. आपली खापरपणजीबी त्याच वाटंनं आली, पाठीला पोर बांधून. माझ्या सासूनं सांगितलंय मला.” मग माझ्याकडं हात करून, “म्हण गं पोरी फुडं.”

मी पुढं म्हटलं. चौकाच्या शेवटी नानांनी आणि मामांनी झील धरली, आणि त्यांच्यात आणखी आवाज मिसळले. आधी मला कळेना कुठनं. डावीकडनं येत होते. बायका झील धरत होत्या. आमच्या गावात बायकांनी पोवाड्याला झील धरल्याचं त्याआधी कुणी ऐकलं नव्हतं.

सिद्रामबापू उठले. मला वाटलं, निघाले. ते माणसांतनं वाट काढत मागं गेले, रसाच्या गाड्यांपाशी, आणि काकूंना म्हणाले (हे मला यमुनेनं नंतर सांगितलं), “तो बाळोजी तुमचा का?”

काकूंनी पदर तोंडावरनं खाली घेतला. “व्हय. आमचाच.”

“मग एवढ्या लांब काय बसलाय? हितनं पोरीचा आवाज ऐकू येत न्हाई.”

यमुनेचं लग्न त्याच वैशाखात झालं. ती जतला गेली, तिला तीन लेकरं झाली, आणि आता ती माझ्याहून जाड झालीय. कडीकाढे हे नाव काही गेलं नाही. नावं जात नसतात. पण काकूंच्या नातवानं टेम्पो घेतला तेव्हा त्यानं पुढच्या काचेवर मोठ्या अक्षरात तेच रंगवून घेतलं. जाधवांची पोरं काही वर्षं कुरकुरत राहिली, की त्या साली रायाजीचं पडणं फिकं झालं. तसं झालं नव्हतं. नानांनी त्या दिवशी आंबा असा पाडला की बापू ढसाढसा रडले. पुढं एकदा मी नानांना विचारलं, तुम्हाला इतक्या वर्षांत हे कधी दिसलं कसं नाही? दोन्ही चौक तर तुम्हीच म्हणत होता. ते म्हणाले, “मधी आंबा यायचा न्हवं.”

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी पोवाडा अजून संपायचा होता.

लढाई झाली, आंबा झाला, आणि बायापोरांचा चौक आधीच होऊन गेल्यामुळं नाना थेट शेवटाशी आले. शेवटच्या ओळीत शाहीर आपलं नाव गुंफतो. ते नसेल तर पोवाडा पुरा झाला असं धरत नाहीत. आमच्या पोवाड्यात आज्जाचं नाव असायचं, त्याच्या बापाचं असायचं, आणि मग केरबा शाहीर सभेला मुजरा करतो असं म्हणून नाना दफ कपाळाला लावायचे.

*केरबा शाहीर मुजरा करी…* नानांनी म्हटलं, आणि दफ कपाळाला लावला नाही. तो वाजवतच राहिले. ओळ अर्धीच टांगून ठेवली. मला वाटलं, दम संपला. मी झील धरायला तोंड उघडलं तर त्यांनी मानेनं नको म्हटलं.

“नाव घाल,” ते म्हणाले. दफाच्या आवाजाखाली, फक्त मला ऐकू येईल असं.

“कुणाचं?”

“चौक कुणी म्हटला?”

पोरीचं नाव पोवाड्यात कसं गुंफतात हे मी कधी ऐकलं नव्हतं, त्यामुळं नक्कल करायलाही काही नव्हतं. सभा वाट बघत होती. आबासाहेब फेटा सावरत बघत होते. नाना दफावर तोच ठेका धरून उभे होते, आणि त्यांची बोटं लाल झालेली मला दिसत होती. दुपारपासनं ते वाजवत होते. शेवटी मी डोळे मिटले आणि जे खरं होतं तेवढंच सुरात म्हटलं.

*…केरबाची लेक मालन गुरवीण.*

दगडूमामांनी झांज वाजवली. नाना मात्र थांबले नव्हते. त्यांनी मान वर करून सभेच्या पार शेवटाला, काकू उभ्या होत्या तिकडं बघितलं.

“मागं पोचलं न्हाई,” ते म्हणाले. “पुन्हा घे.”

मी पुन्हा घेतलं.